शिशाच्या चार पट्ट्या

दोह्यात, आमच्या अल अझीझियाच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघराच्या सगळ्यात खालच्या खणात, शिशाच्या चार पट्ट्या आहेत. प्रत्येकीवर पंच ठोकून उमटवलेला देवनागरी आकडा आहे, ५००. अर्धा किलो. त्या तिथे का पडून आहेत हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं ते आता नाहीत.

बाबा जन्मभर मुंबईच्या एका गोदीत ड्रॉइंग विभागात होते. निवृत्त होऊन रत्नागिरीकडे, खाडीकाठच्या गावी राहायला गेले. आई गेल्यावर एका हिवाळ्यात मी त्यांना दोह्याला आणलं. मी रास लफानला गॅसच्या प्लांटवर, शिफ्ट ड्युटी. पहाटे कंपनीची बस पकडायची, परत येईस्तोवर अंगात जीव नसायचा. बापाला सोबत व्हावी म्हणून आणलं म्हणायचं आणि बाल्कनीत बसवून ठेवायचं, असा सगळा प्रकार. पण ते रिकामे बसणाऱ्यातले नव्हते. आठवड्याभरात त्यांनी बाल्कनीत जहाजाचं मॉडेल बांधायला घेतलं.

तेही कुठलं, तर मॉनिटर. पहिल्या महायुद्धात किनाऱ्यावर तोफा डागायला बांधलेली ही जहाजं. खोल समुद्रातली देखणी युद्धनौका किनाऱ्याजवळ गेली की तळाला लागणार, म्हणून हिचा तळ सपाट, पसरट. दुसऱ्याच जहाजांसाठी केलेल्या अवाढव्य तोफा उरल्या होत्या, त्या हिच्यावर चढवल्या. पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, लागला तर बाहेरच्या बाहेर फुटावा म्हणून दोन्ही कुशींना पोकळ फुगवटे. चाल बैलगाडीची. वारा आला की वळायचं एकीकडे, जायचं भलतीकडे. बेल्जियमच्या किनाऱ्यासमोर ती उभी राहायची, तोफा बाजूला वळवायची आणि क्षितिजावरचं काहीतरी उडवत राहायची. किनाऱ्यावरच्या तोफाही तिला सोडत नसत. युद्ध संपल्यावर बहुतेक सगळ्या भंगारात गेल्या.

"देखण्या जहाजांवर लिहिणारे पुष्कळ आहेत," बाबा म्हणायचे. "हिला कोण विचारतो? हिनं आपलं उभं राहायचं, मारायचं नि मार खायचा."

तोफांचा फिरता बुरूज आणि दोन नळ्या त्यांनी इंडस्ट्रियल एरियात एका ओळखीच्या लेथवाल्याकडून भरीव पितळेच्या करून घेतल्या. खरी गोम तिथेच होती. नळ्या पुढे असताना जहाज सरळ राहणार, पण बाजूला वळवल्या की सगळं वजन एका कुशीला जाणार. म्हणून तळाशी शिसं हवं. एका गॅरेजमधून त्यांनी चाकांच्या बॅलन्सिंगची जुनी शिशाची वजनं आणली आणि बायकोच्या दुधाच्या पातेल्यात वितळवली. त्या पातेल्यावरून घरात दोन दिवस अबोला होता. चार पट्ट्या ओतल्या, घासून घासून बरोबर अर्ध्या किलोवर आणल्या, आकडा ठोकायचं काम माझ्या मुलीकडून करून घेतलं. ती तेव्हा बारा वर्षांची. ते मराठीत बोलायचे, ती इंग्रजीत उत्तरं द्यायची, आणि दोघांचं छान जमायचं. हिशेबाने एक अख्खी वही भरली होती.

जहाज एकदा पाण्यात घालून बघू, असं ते मला दर आठवड्याला म्हणायचे. इथला समुद्र उथळ आहे, हिच्यासाठीच केल्यासारखा आहे, असंही म्हणायचे. मी म्हणायचो, पुढच्या शुक्रवारी नक्की. त्या पुढच्या शुक्रवारी मी झोपलेला असायचो. शेवटी तेच म्हणाले, "राहू दे. गावच्या खाडीत सोडीन. गोदीतले जुने चौघं यायचे आहेत. गणितात तरंगलीय ना, मग पाण्यात तरंगेलच."

ते निघाले त्या दिवशी दुपारी ते जेवून जरा पडले होते आणि मी बॅग तोलत होतो. गल्फमधल्या माणसाला हे सांगायला नको. हुकाचा काटा, बॅग उचलून धरायची, आकडा वाचायचा, चार गोष्टी काढायच्या, तीन परत घालायच्या. तीस किलो म्हणजे तीस, आणि आपल्या बॅगेवर अख्ख्या बिल्डिंगचा डोळा. एवढीच पुडी आहे हो, असं म्हणत शेजारी दीड किलो ठेवून जातो. काटा बत्तीस दाखवत होता. खजूर काढावा तर आत्या रुसणार, दुधाची पावडर काढावी तर काकू. मी जहाजाचा डेक उचलला, चार स्क्रू काढले आणि शिसं बाहेर ठेवलं. खजूर राहिला. शिसं काय, रत्नागिरीतही मिळतं, गाडीत बाबांना सांगू, असं मनात होतं. गाडीत ते नातीच्या परीक्षेबद्दल बोलत राहिले आणि मी विसरलो.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला तेव्हा मी परतीच्या बसमध्ये होतो. "अरे, जहाज हलकं वाटतंय मला. तिथं बसून खाल्लं ना, अंगात बळ आलं बहुतेक!" ते मोठ्याने हसले. मीही हसलो. मला त्या क्षणी सगळं आठवलं होतं. पण बस भरलेली, डोकं दुखत होतं, आणि त्यांचा आनंद कशाला घालवा असं वाटलं. शिवाय हलकं आहे तर जास्तच तरंगेल, असंही वाटलं. मी इंजिनियर आहे. वीस वर्षं पगार घेतोय.

रविवारी भरतीच्या वेळी त्यांनी जहाज सोडलं. मी प्लांटच्या कँटीनमध्ये व्हिडिओ कॉल लावून बसलो होतो. तिकडे गावच्या शेजारच्या काकांनी फोन असा धरला होता की खाडी दिसत होती, धक्क्यावर खुर्च्यांत बसलेले गोदीतले चौघं दिसत होते, आणि गुडघाभर पाण्यात बाबा. जहाज तरंगलं. टाळ्या झाल्या. मला दिसलं ते वेगळंच. पाण्याखाली जायला हवा तो लाल रंग चांगला बोटभर वर होता. बाबांच्या मोतीबिंदूला तो दिसला नाही. "आता तोफा वळवतो," ते म्हणाले.

थांबा म्हणायला मला पुरता वेळ होता. माझं तोंडही उघडलं. पण सगळ्यांसमोर काय सांगू, खजुरासाठी तुमचं शिसं काढलं म्हणून? बाबांनी बुरुजाला बांधलेली दोरी ओढली, बुरूज वळला, जहाज कललं, एका कुशीवर क्षणभर राहिलं आणि पालथं झालं. तोवर ते पाण्याच्या ओढीत सापडलं होतं. खाडीच्या मधल्या गाळात गेलं ते गेलंच, पुन्हा हाती लागलं नाही. चौघांपैकी कोणीतरी म्हणालं, "वय झालं रे आता, हिशेब चुकायचाच." चेष्टेतच म्हणालं. बाबा पाण्यात तसेच उभे होते.

त्यानंतर ते हिशेब पुन्हा करत बसले. दर फोनला एकच. "चूक सापडत नाहीये अजून." मी म्हणायचो, असू दे हो बाबा, सोडून द्या. दर वेळी ठरवायचो, आज सांगायचंच, आणि दर वेळी जेवलात का, औषध घेतलंत का, एवढं विचारून ठेवून द्यायचो. भित्रा माणूस दुसरं काय करणार? पावसाळ्याच्या तोंडावर एकदा त्यांचा आवाज एकदम शांत आला. "सापडली रे. माझीच होती." त्यानंतर त्यांनी जहाजाचं नाव काढलं नाही, वही उघडली नाही, पेन्सिलही हातात धरली नाही. दिवाळीआधी गेले.

वही मी इकडे आणली आणि तपासली. मूळ गणित शेवटच्या ओळीपर्यंत बरोबर आहे. त्यांना सापडलेली चूक ही चूकच नाही. बरोबर आकड्यावर त्यांनी लाल रेघ मारली आहे आणि खाली लिहिलं आहे, चूक माझी.

गेल्या महिन्यात बायको भारतात जायला निघाली. नवा काटा खरं दाखवतो का ते बघायला मी खणातून चारही पट्ट्या काढल्या आणि पिशवीत घालून हुकाला लावल्या. मुलगी आता पंधराची आहे. तिने वाकून आकडा वाचला. "टू पॉइंट झिरो झिरो. वॉव, आजोबा वॉज सो अ‍ॅक्युरेट."

मी हो म्हणालो आणि पिशवी उतरवायला लागलो.

"पण बाबा, दीज वेअर इन्साइड द शिप, ना?"

मी म्हणालो, बॅगेत बसत नव्हत्या. तिने पलंगावरच्या उघड्या बॅगेकडे पाहिलं, वरच खजुराचे डबे होते. घरात जी कधी मराठीत उत्तर देत नाही, तिने मराठीत विचारलं, "आजोबांना माहीत होतं?"

"नाही," मी म्हणालो.