खळीचा खांब

आज सुती साडीसाठी खळ शिजवायला घेतली आणि तो पेजेसारखा वास नाकात शिरताच वडील आठवले.

शाळेच्या प्रदर्शनासाठी मी बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे तिथलं जुनं जैन मंदिर, मातीत केली होती. तिथं छताला आतून लोंबतं दगडी कमळ आहे; तसंच मी मातीचं केलेलं, तेच माझं सगळं वैभव. ते लोकांना दिसावं म्हणून खाली आरसा ठेवलेला. आम्ही वडगावचे विणकर. सुताला खळ देतात तशी मी मातीलाही दिली, भेगा पडू नयेत म्हणून. पण हवा ढगाळ, माती वाळलीच नाही. प्रदर्शनाचे प्रमुख पाहुणे शेजारच्या टेबलापाशी आले आणि आरशातलं कमळ हळूहळू खाली येऊ लागलं.

"अण्णा, पडतंय!" मी रडवेली झाले.

"गप गं, न्हाय पडत," म्हणत वडील टेबलामागं उकिडवे बसले आणि मातीच्या देवळाच्या मागच्या दारातून बोट घालून त्यांनी छत पेललं.

पाहुणे आरशात वाकून बघतच राहिले. कमळाशेजारी अण्णांचं खळीनं पांढरं पडलेलं बोट दिसत होतं. आता हे सगळ्यांदेखत 'बोट कुणाचं?' म्हणून विचारणार, असं मला वाटलं.

"पोरी," पाहुणे सरळ होत म्हणाले, "बाकीचं पडलं तरी ह्यो खांब पडायचा न्हाय."

माझा जीव भांड्यात पडला. त्यांना खरोखरच मातीचा खांब दिसला, असं मी कितीतरी वर्षं समजत होते.