मामांच्या अंगावरचं दुकान

माझ्या मामांच्या आधी जगात घाई नावाची गोष्ट होती, यावर माझा अजूनही विश्वास बसत नाही. मालेगावच्या बाजारओळीत त्यांचं काष्ठौषधींचं दुकान होतं. स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झालेली, सगळा देश पुढे निघालेला, आणि अशा वेळी गिऱ्हाइकाला सुंठीच्या एका तुकड्यासाठी ताटकळत ठेवणं मामांना जवळजवळ देशद्रोह वाटे. दुकानाच्या मागच्या खोलीत भिंतभर लाकडी खण होते. हिरडा, बेहडा, वेखंड, मुरडशेंग आणि वैद्यांखेरीज कुणाला नावं ठाऊक नसलेल्या नाना मुळ्या त्यांत असत. दर वेळी तिथवर जायचं, खण ओढायचा, अडकला की त्याला शिव्या घालायच्या, हे मामांना मंजूर नव्हतं. "जे घडोघडी लागते, ते कायले दूर ठेवता?" असं ते भेटेल त्याला विचारीत. नुसतं विचारून थांबले असते तर काही बिघडलं नसतं.

पण त्यांनी शिंप्याला गाठून एक कोट शिवून घेतला. त्याला बाहेर खिसे, आत खिसे, काखेत खिसे आणि पाठीवरही एक खिसा. तिथे त्यांचा स्वतःचा हात पोचत नसे, म्हणून तिथलं काही हवं असलं की ते गिऱ्हाइकाकडे पाठ करून "घ्या काढून" म्हणत. नियम एकच. ज्याला फार मागणी ते छातीच्या खिशात, कमी मागणी ते खाली, आणि बरेच दिवस कुणी नावच काढलं नाही तर त्या वस्तूची कोटातून हकालपट्टी होऊन ती मागच्या खणात जाई. रोज सकाळी बदल्या-बढत्यांची ही कचेरी भरे. मामा रस्त्याने निघाले की आधी त्यांचा वास येई, मग मामा. शेलूबाजारच्या आठवडी बाजारात एकदा दोन शेळ्या त्यांचा कोट चघळत पार सडकेपर्यंत आल्या, तर मामा उलट खूश! "जनावरालेही समजते बापा, माल ताजा हाये," असं ते गावभर सांगत सुटले.

या सगळ्या वेगात एकच गोम होती. कुठल्या खिशात काय आहे, हे मामांना आठवत नसे. मग ते आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडत, "वच्छे, पिंपळी कुठं हाये वं?" आणि वच्छला, त्यांची एकुलती एक मुलगी, खल-बत्त्यावरची मान न उचलता सांगे, "डाव्या काखेत, बाबा." दिवसभर हे चाले. लोकांना वाटे, मामांचा कोट मोठा चपळ आहे.

वच्छलेला बघायला मानोऱ्याची मंडळी आली, तेव्हा मात्र मामांचा जीव टांगणीला लागला. आधीची दोन स्थळं परत गेली होती, आणि तिसरं गेलं तर लोक काय म्हणतील, या काळजीने मामींनी देव पाण्यात घातले होते. जेवणं झाली. मुलाचे वडील लोडाला टेकले आणि पोटावर हात फिरवत म्हणाले, "पोट जरा फुगल्यावानी वाटून राह्यलं." बस्स. त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत मामांचा हात छातीच्या खिशात जाऊन गोळी घेऊन बाहेरही आला. छातीच्या खिशात वर्षभर ओव्याच्या गोळ्या असत. पण त्याच आठवड्यात गावातल्या लग्नांनी साऱ्यांची पोटं जड केली होती, आणि मागणी वाढल्यामुळे मामांनी नियमाप्रमाणे त्या सकाळीच तिथे जालीम जुलाबाच्या, जमालगोट्याच्या गोळ्या चढवल्या होत्या. कोटाची बदली झाली, हाताची व्हायची राहिली.

पुढचा तासभर व्याही टमरेल घेऊन शेताकडे जात होते आणि येत होते. नंतर नंतर तर ते येईनासेच झाले, तिथेच मुक्काम. मामा सगळे खिसे उलटेपालटे करीत अंगणात नाचत होते. जमिनीवर औषधांचा सडा पडला. "वच्छे, लवकर दे काही तरी!" वच्छला मागच्या खोलीत गेली. तिने एक खण उघडला, वास घेतला, जिभेला लावून पाहिलं. "अवं, घाई कर ना!" मामा किंचाळले. ती म्हणाली, "थांबा बाबा. पाहून देते." तिने जुलाब थांबवणारी मुरडशेंग उगाळली आणि ताकातून पाठवली.

संध्याकाळी व्याही भिंत धरत धरत आत आले. मामांनी तर नकार ऐकण्यासाठी मान खाली घातलीच होती. व्याही क्षीण आवाजात म्हणाले, "आमच्या घरी समदे तुमच्यासारखेच घायकुते हायेत. एखादी तरी पाहून देनारी पाह्यजे. पोरगी पसंत हाये."

लग्न झालं, वच्छला मानोऱ्याला गेली. त्यानंतर मी मालेगावला गेलो, तेव्हा कोट खुंटीवर होता आणि मामा उघड्या अंगाने गल्ल्यामागे बसले होते. एक बाई तान्ह्या लेकरासाठी वेखंड मागायला आली. "वच्छे, वेखंड कुठं हाये वं?" मामांनी हाक मारली, आणि आतून उत्तर येण्याची वाटही पाहिली. मग गुडघ्यावर हात ठेवून ते उठले आणि मागच्या खोलीत गेले. उगीच काही बोलायचं म्हणून मी म्हणालो, "मामा, कोट घालत जा की. किती वेळ लागतो असा!"

मामा खणात हात घालून तसेच उभे राहिले. "घडोघडी लागे असं एकच होतं रे माह्याजवळ," ते म्हणाले. "अन् तेच म्या मानोऱ्याले धाडलं."

मग त्यांनी एका मुळीचा वास घेतला, ती परत ठेवली आणि दुसरा खण ओढला. बाई थांबली. मीही थांबलो.