फहीमचा डावा डोळा

जालन्याच्या मस्तगडात चांदपाशांचं चष्म्याचं दुकान आहे. त्यांचा फहीम तिथंच काचा घासत मोठा झाला, शिकला आणि पुण्याच्या एका प्रयोगशाळेत उपग्रहावर बसवायच्या लेझरवर काम करू लागला. तेव्हा चांदपाशा गिऱ्हाइकाला थांबवून सांगायचे, "आमचा फहीम आभाळाला चष्मा लावून राह्यला."

काम अवघड होतं. वरून झोत जमिनीवर सोडायचा आणि परत आला की वाटेत मिथेन वायूनं त्यातला किती गिळला ते मोजायचं. उन्हाच्या भरवशावरची यंत्रं रात्री निकामी होतात. हे यंत्र आपला उजेड आपणच नेणारं. खाणी, कचऱ्याचे डेपो, कुणाचाच वायू लपणार नव्हता. फहीमच्या जोडीला हरिओम होता, पिंपळगाव रेणुकाईचा. एकाच जिल्ह्याचे म्हणून दोघं डबाही एकत्र खायचे.

घोडं एकाच जागी अडलं होतं. हवा काढलेल्या पेटीत झोत चालवला की आरशावर काळा डाग पडायचा. आतले भाग चिकटवलेल्या डिंकाचा बारीक अंश उडून काचेवर जळायचा. एका दुपारी पेटी उघडल्यावर फहीमनं विचारलं, "झोत बंद केला ना?"

"बिलकुल बंद," हरिओम म्हणाला.

झोताच्या वाटेवर तो अडवणाऱ्या झडपा दोन होत्या. हरिओमला वाटलं, दोन्ही मिटल्या. मिटली होती एकच. तो प्रकाश माणसाला दिसत नाही. डाग नीट पाहायला फहीमनं संरक्षक चष्मा वर सारला आणि वाकला. फट् असा आवाज त्याला बाहेरून नाही, डोळ्याच्या आतून ऐकू आला.

डोळ्याच्या आतला पडदा जळाला होता. डाव्या डोळ्यानं माणसाकडं पाहिलं की त्याचा चेहराच गायब व्हायचा, कान तेवढे उरायचे. बारीक काम संपलं. काही महिने प्रयोगशाळेतच नुसते कागद चाळून तो बायकोला, कशफला घेऊन जालन्याला परतला. चांदपाशांनी दुकानातली एकेक काच त्याच्या डोळ्याला लावून पाहिली.

"अब दिखता?"

"नै, अब्बा."

शेवटी म्हाताऱ्यानं काचांची पेटी मिटली आणि पाठमोरा होऊन बराच वेळ गल्ल्यावरची धूळ पुसत राहिला.

उपग्रह वर गेला त्या वर्षी हरिओम पहिल्यांदा घरी आला. फहीमच्या आईनं, अकबरबीनं, चहा ठेवला. त्यानं कप उचलला नाही.

"लेझर चालू झाल्ता. पहिला महिना बराबर चालला."

"आणि आरसा?"

"काळा पडून राह्यला. झोत रोज कमी होतोय." मग खाली बघून तो म्हणाला, "फहीम, दुसरी झडप मी बघायला पाह्यजे होती."

या वाक्याला काय उत्तर द्यायचं, ते फहीमनं कितीदा मनात घोळवलं होतं. आता तोंडातून एवढंच आलं, "चहा घे."

हरिओम गेला. फहीम त्याला सोडायला उठला नाही.

गणपतीच्या सुमारास लेझर कायमचा बंद पडला. निरोप वाचून फहीमनं फक्त कशफला सांगितलं.

"म्हणजे सगळं वाया?"

"न्हाई. जेवढं मोजलं तेवढं राहील. कुणाच्या तरी कामी येईल."

"आणि तुमचा डोळा?"

फहीम शर्ट घालून दुकानाकडं निघाला. जिन्याच्या शेवटच्या पायरीचा त्याला नेमका अंदाज येत नाही, म्हणून कशफ पुढं झाली आणि तिनं त्याचा दंड धरला.