तिसरी पिशवी

आमचे हे गोदीत क्रेन चालवतात. वर उंचावर काचेची खोली, तिचा तळही काचेचा, आणि पाळी संपेपर्यंत वाकून गुडघ्यांमधून खाली बघत बसायचं. ऑपरेशनमध्ये आतडं कापून त्याचं तोंड पोटावर काढलं, तेव्हापासून मात्र यांची फेरी पलंग ते बाथरूम, बाथरूम ते पलंग. शौचाचं सगळं पोटाला चिकटवलेल्या पिशवीत येतं. मुकादम भला माणूस, पण त्यालाही वर उत्तर द्यावं लागतं. म्हणाला, "सोमवारी चढलात तर क्रेन तुमची. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "वर असताना पिशवी सुटली तर? कुठे जाऊ मी?"

"मग ती इथेच सुटते का बघू की!" हातपाय गाळून बसलेलं माणूस मला बघवत नाही.

दवाखान्यातल्या सिस्टरनं तीन तऱ्हेच्या पिशव्या नमुन्याला दिल्या. मी यांना जेवणाच्या टेबलावर चढवलं. पाय खुर्चीवर, मान खाली, हातात दोन बॅटऱ्या, म्हणजे क्रेनचे दांडे. खाली चहाचा कप ठेवला. "हं, उचला माल!"

"मालकीणबाई, माल अडकवायला आकडा तरी द्या," म्हणत हे हसले. किती दिवसांनी!

पहिली पिशवी पोटाला चिकटणाऱ्या चकतीसकट एकसंध. मऊ, शर्टाखाली पत्ताही लागत नाही. पण भरली की चकतीसकट उपटायची. कातडी लालभडक झाली, अंघोळीचं पाणी लागलं तरी हे कळवळायचे.

दुसरीची चकती वेगळी. तिच्यावर कडक कडं, त्यात पिशवी टचकन बसते. बदलायची ती नुसती पिशवी. मी खूश! पण वाकलं की कडं पोटाच्या घडीत रुतायचं, आणि शेवटी सुटलंच. टेबलावर, कपड्यांवर, सगळीकडे. यांनी बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावली. मी दारावर थापा मारल्या, "अहो, पुसलं सगळं! काही झालेलं नाही!" आतून नुसता नळाचा आवाज. मला रडू कोसळलं, रागही आला, कुणाचा ते ठाऊक नाही.

तिसरीला कडं नव्हतं. पिशवी चकतीवर चिकटायची आणि पोटाबरोबर दुमडायची. खालून उघडून रिकामीही करता यायची. दुपारभर हे वाकून बसले, जागची हलली नाही. वास नाही, टोचणं नाही. "सुटलो एकदाचे!" मी ओरडलेच.

सोमवारी हे वर चढले. पाळी सुटायच्या वेळी मी फाटकापाशी जाऊन उभी राहिले. बाकीचे उतरले, हे उतरेनात. जीव टांगणीला लागला. फोन लावला, "सुटली का हो?"

"छे गं. झकास आहे. विसरूनच गेलो होतो."

"मग या ना खाली!"

"बसतो जरा. घरी सारखा पोटावर हात धरून बसावं लागतं."

"कशाला पण? वास तर येत नाही!"

"वासाचं नाही गं," हे सावकाश म्हणाले. "तू आधी माझ्या पोटाकडे बघतेस, मग तोंडाकडे."

मी फोन बंद केला.

थोड्या वेळानं हे शिडी उतरून फाटकाकडे आले. तोंडाकडेच बघायचं, तोंडाकडेच, असं मी मनाशी घोकत होते. नजर पोटावर गेली. यांनी डबा दुसऱ्या हातात घेतला आणि मोकळा हात शर्टावर धरला.