उजव्या हाताचा घेर

"उजव्या हाताच्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी आहे," डॉक्टर कर्णिक म्हणाले आणि त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. करड्या रंगाच्या त्या चित्रात मला काहीच कळलं नाही. आई शेजारी उभी होती. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

अशा वेळी मनात काय यायला हवं ते मला माहीत आहे. आईवडील, देव, उरलेलं आयुष्य. माझ्या मनात आलं, म्हणजे आता दर्शना खेळणार. हे मी लपवत नाही, कारण ते लपवलं तर पुढचं काहीच धड सांगता येणार नाही.

मी व्यावसायिक टेनिस खेळते. टीव्हीवर दिसतं ते नव्हे. त्याच्या बऱ्याच पायऱ्या खाली, जिथे प्रेक्षकांत तीन पालक आणि एक वॉचमन असतो, ते टेनिस. जागतिक क्रमवारीत माझं नाव शोधायचं तर अंगठा दुखेपर्यंत स्क्रोल करावं लागतं. दर्शनाचं नाव माझ्या जरासं वर असतं, क्वचित जरासं खाली. गेली नऊ वर्षं आमचं हेच चाललंय.

दर्शना माझी डबल्समधली जोडीदार. सिंगल्समध्ये मी तिच्यावर जळते. तिचं घर डोंबिवलीच्या मानपाड्याला, मूळचे शेतकरी. टॉवर उभे राहिल्यावर जी जमीन शिल्लक राहिली तिच्यावर तिच्या आप्पांनी लेकीसाठी टेनिस कोर्ट बांधलं. घराच्या मागच्या दारातून उतरलं की कोर्ट. माझे बाबा खोपटच्या एसटी वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. मी रोज सकाळी खोपटहून बाबांच्या स्कूटरवर किंवा बसने शिळफाट्याचा ट्रॅफिक खात तिथे पोचायचे, तोवर दर्शनाचा वॉर्मअप झालेला असायचा. आप्पांनी एवढ्या वर्षांत एकदाही उपकार केल्यासारखं दाखवलं नाही. त्याचा मला आणखीच राग यायचा.

आता त्या टेपबद्दल सांगते, कारण सगळा घोळ तिथेच झाला.

टेनिस खेळणाऱ्याचा रॅकेटचा हात दुसऱ्या हातापेक्षा जाड होतो. सगळ्यांचाच होतो, आणि आम्हाला त्याचा अभिमान असतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघी दर्शनाच्या आईची शिवणकामाची टेप घेऊन एकमेकींचा उजवा दंड मोजायचो. जाळी ठेवायच्या खोलीत भिंतीवर पेन्सिलीने आकडे लिहायचो. नऊ वर्षं दर्शनाचाच आकडा मोठा होता. कधी अर्धा सेंटीमीटर, कधी एक. ती आकडा दोनदा वाचून दाखवायची.

त्या महिन्यात माझा हात तिच्यापेक्षा दोन सेंटीमीटरने जाड भरला. मी उड्याच मारल्या. दंड वळवून फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. नीट पाहिलं तर त्यात खांद्यापुढच्या निळ्या शिरा दिसतात. तो दंड कमावलेला नव्हता, सुजलेला होता.

ज्यांना हे पुढे कधी होऊ शकेल त्यांच्यासाठी लिहिते. दोन आठवडे आधीपासून हात जड वाटत होता. उजव्या मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा एक भोक पुढे गेला होता. संध्याकाळी बोटं आखडायची. आई रोज तेल कोमट करून खांद्यापासून मनगटापर्यंत दाबून दाबून मालिश करायची. "केवढी मेहनत करतेस गं," म्हणायची. मला ते ऐकायला आवडायचं.

त्याच सुमारास एका मोठ्या स्पर्धेचं वाइल्ड कार्ड आलं. वाइल्ड कार्ड म्हणजे क्रमवारी पुरत नसताना आयोजकांनी दिलेला थेट प्रवेश. आमच्यासारख्यांना असा प्रवेश आयुष्यात एकदा मिळाला तरी खूप. आयोजकांनी सांगितलं, दोघींपैकी एकीलाच मिळेल, रविवारी ठाण्यात सामना खेळा, जिंकेल तिचं नाव घेऊ.

शुक्रवारी सरावानंतर आम्ही पाणी पीत बसलो होतो. दर्शना माझ्या हाताकडे बघत होती.

"सायली, हात बघितलास का? निळा दिसतोय."

"उन्हाने असेल."

"उन्हाने लाल होतं यार. डॉक्टरला दाखव ना, सिरियसली सांगतेय."

मला वाटलं, आली लाडात. रविवारी मी मैदानातच उतरू नये आणि हिला कार्ड फुकट मिळावं, एवढंच हिला हवंय. मी म्हटलं, "संडेनंतर दाखवते." तिने खांदे उडवले आणि बॅग भरायला लागली.

तेवढ्यात आप्पा झाडांना पाणी घालत आले आणि थबकले. "गो पोरी, हात निला परलाय तुजा. काय लागला काय?"

"रंगपंचमी खेळले आप्पा," मी म्हटलं आणि निघाले. बापलेकीने मिळून ठरवलंय, असंसुद्धा माझ्या मनात आलं. जळणाऱ्या माणसाचं डोकं असंच चालतं.

रविवारी मी जिंकले. तिसऱ्या सेटमध्ये हात भिजलेल्या गोधडीसारखा जड झाला होता. रॅकेट पकडलीय की नाही ते बघायला मला खाली नजर टाकावी लागत होती. तरी सात-पाच जिंकले. हात मिळवताना दर्शनाने माझ्याकडे बघितलं नाही. मला फार बरं वाटलं. आता तू जळ, मी मनात म्हटलं.

सोमवारी सकाळी केस बांधायला हात वर गेला नाही. खांद्यापासून बोटांपर्यंत तो जांभळट झाला होता. आमच्या खोपटच्या डॉक्टरांनी हात पाहिला, टेबलावरची चिठ्ठी ओढली आणि म्हणाले, "घरी जाऊ नका. इथूनच मोठ्या हॉस्पिटलला जा." त्यांनी बाबांना रिक्षा आणायला पिटाळलं. या माणसाचे उपकार मी कधीच फेडू शकणार नाही.

हॉस्पिटलमध्ये डॉपलर केली. डॉपलर म्हणजे शिरांतून रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी. माझ्या हातातून ते जवळजवळ वाहतच नव्हतं. डॉक्टर कर्णिकांनी आजाराचं नाव सांगितलं, इफर्ट थ्रॉम्बोसिस. श्रमाने होणारी गुठळी.

"कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्या फटीतून हाताची मोठी शीर जाते," ते म्हणाले. "तुमची फट जरा अरुंद आहे. सर्व्ह करताना हात डोक्यावर गेला की शीर चिमटीत सापडते. वर्षानुवर्षं असं झालं की आतून जखम होते आणि रक्त गोठतं."

मग त्यांनी विचारलं, "मालिश वगैरे केलं नाही ना?"

आई म्हणाली, "मीच करत होते." तिचा आवाज अगदी खाली गेला होता.

"तुम्हाला माहीत नव्हतं, स्वतःला दोष देऊ नका. पण गुठळी सुटून फुप्फुसात गेली असती तर जिवावर बेतलं असतं. अशा हाताने काल मॅच खेळायला कोणी सांगितलं?"

सांगणारी मीच होते. ज्यांनी नको म्हटलं होतं त्यांना मी कपटी ठरवलं होतं.

त्याच दिवशी थ्रॉम्बोलिसिस सुरू केलं. दंडातल्या शिरेतून बारीक नळी गुठळीपर्यंत नेतात आणि गुठळी विरघळवणारं औषध थेंब थेंब सोडतात. हात पाटावर ठेवल्यासारखा सरळ ठेवून पडून राहायचं. आयसीयूच्या छतावर चौकोनी टाइल्स होत्या, त्यांचं मी मनातल्या मनात कोर्ट आखलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, शीर बरीचशी मोकळी झालीय. पण फट तशीच राहिली तर पुन्हा हेच होईल, म्हणून पहिली बरगडी काढायची. पुढच्या सोमवारी.

तोवर वाइल्ड कार्ड दर्शनाच्या नावावर गेलं होतं. मी हरवलेल्या मुलीच्या नावावर. तिचा मेसेज आला, "टेक केअर सायली," आणि पुढे एक लाल बदाम. मी उत्तर दिलं नाही.

गुरुवारी दुपारी तिची पहिली फेरी होती. मी वॉर्डात होते. सामना कुठे दाखवत नव्हते, फोनवर फक्त गुण बदलताना दिसायचे. मी डाव्या हातात फोन धरून तिच्या डबल फॉल्टची, म्हणजे लागोपाठ दोन सर्व्ह चुकून गुण जाण्याची, वाट बघत होते. एक झाला की देवाचे आभार मानायचे. तरी ती जिंकली, आणि तेसुद्धा आमच्या स्वप्नात येणाऱ्या क्रमवारीच्या मुलीविरुद्ध. मी फोन उशीखाली सारला आणि रडायला लागले.

सिस्टर धावत आल्या. "खूप दुखतंय का?"

"हो," मी म्हटलं. त्यांनी पेनकिलर दिली.

दुसऱ्या फेरीत दर्शना हरली. त्या दिवशी मी डब्यातली सगळी खिचडी संपवली. आई बाबांना म्हणाली, "औषध लागू पडलंय बघा."

बरगडी काढायच्या ऑपरेशनला फर्स्ट रिब रिसेक्शन म्हणतात. शुद्धीवर आल्यावर आधी जाणवतं ते हे की श्वास घेणं हेसुद्धा काम आहे. दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्टने स्पायरोमीटर दिला. ही प्लॅस्टिकची छोटी वस्तू, तीन नळ्यांत तीन बॉल. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा आणि बॉल वर न्यायचे. फुप्फुसं आखडू नयेत म्हणून. "टेनिसवाल्या ना तुम्ही? मग बॉलचं काय कठीण," ती हसत म्हणाली. माझा एक बॉल जेमतेम हलला. पलीकडच्या खाटेवरच्या सत्तरीच्या आजी दोन बॉल उचलत होत्या. मी त्यांच्यावरही जळले.

चार दिवसांनी दर्शना आली. आई तिला खुर्ची देऊन चहा आणायला खाली गेली. मी ठरवूनच ठेवलं होतं की अभिनंदन म्हणून टाकायचं आणि डोळे मिटायचे. पण ती बसलीच नाही.

"मला त्या शुक्रवारीच कळलेलं," ती म्हणाली. "म्हणजे काय झालंय ते नाही. पण काहीतरी बेक्कार आहे, एवढं कळलेलं. घरी जाऊन गूगल केलेलं. काकूंना फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला."

"का?"

"हात सुजलाय, म्हणजे तू हरशील असं वाटलं. मला पाहिजे होतं गं ते कार्ड." ती रडायला लागली. "मॅचमध्ये सारखा तुझा हातच दिसत होता. आणि मी त्याच हातावर बॉल मारत होते."

मला भयंकर राग यायला हवा होता. थोडा आलाही. मी मेले असते, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. पण त्याहून मोठं काहीतरी छातीवरून उतरलं. नऊ वर्षं मला वाटत होतं की हे विष फक्त माझ्याच पोटात आहे. ती कोर्टाची मालकीण, ती वरच्या नंबरची, तिला कसली आलीय जळजळ.

"तुझ्या प्रत्येक डबल फॉल्टला मी देवाचे आभार मानले," मी म्हटलं.

ती रडता रडता हसली. "सात झाले ना पहिल्या मॅचला?"

"आठ. मी मोजत होते."

आई चहा घेऊन आली तेव्हा आम्ही दोघी हसत होतो, आणि हसताना माझी न उरलेली बरगडी दुखत होती. दर्शनाला मी माफ केलं की नाही, ते अजून ठरवलेलं नाही. स्वतःलाही नाही.

पुढचे तीन महिने रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या होत्या. त्या चालू असताना पडायचं नाही, धडपडायचं नाही, सामना खेळायचा नाही. क्रमवारीतलं माझं नाव आणखी खाली घसरत गेलं आणि मी ते रोज बघत राहिले. बाबा म्हणायचे, नको बघूस. मी बघायचेच. पाचव्या महिन्यात पुन्हा डॉपलर झाली. डॉक्टर कर्णिक म्हणाले, "शीर छान वाहतेय. खेळा. पण हाताकडे लक्ष ठेवा. सूज, रंग, जडपणा, काहीही वाटलं तर त्याच दिवशी या. मॅच झाल्यावर नाही."

तुमच्यापैकी कोणाचा हात असा एकाएकी जाड, जड, निळसर झाला तर तो मेहनतीचा आहे असं समजून खूश होऊ नका. चोळू नका. आणि कोणी सांगितलं की हात दाखवून ये, तर ते माणूस कोण आहे आणि त्याचा काय फायदा आहे, हे नंतर ठरवा. आधी हात दाखवून या. माझे घरचे माझ्याकडे मायेने बघत होते, म्हणून त्यांना मेहनत दिसली. दर्शना माझ्या हाताकडे दुसऱ्या नजरेने बघत होती, म्हणून तिला रंग दिसला. तिचे आभार मानणं मला जड जातं. तरी मानते.

गेल्या महिन्यात मी पुन्हा मानपाड्याला जायला लागले. पहिल्या रविवारी दर्शनाने टेप काढली. आप्पा दारात उभे राहून बघत होते.

माझा दंड तिच्यापेक्षा अडीच सेंटीमीटरने बारीक भरला. तिने आकडा वाचला. मग पुन्हा एकदा वाचला, सावकाश. भिंतीवर पेन्सिलीने लिहिला आणि खाली रेघ ओढली. माझ्या अंगाची लाही लाही झाली. किती महिन्यांनी झाली.

मग टेप गुंडाळायच्या आधी तिने माझा हात धरून उजेडात नेला. तळवा उलटा केला. अंगठ्याचं नख दाबून सोडलं आणि रंग परत येईपर्यंत बघत राहिली. एकेक करून पाचही नखं.

"गुलाबी आहेत," ती म्हणाली. "चल, सर्व्ह कर."