बापूंची पश्चिमेची भिंत

स्पष्टच सांगते: बापूंच्या भिंतीचा मला हेवा वाटायचा. अजून वाटतो. दिवाळी सरली की हा माणूस रोज सकाळी घराच्या पश्चिमेच्या भिंतीला गाल लावून उभा राहायचा. तापलेल्या पोराचं अंग बघावं तसा. मग रस्त्याने जाणाऱ्या सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर करायचा, "ना रे, अजून थंड आसा!" जन्मभर म्हापसा-हरमल बसवर कंडक्टरी केलेली. हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

आमच्या गावात घराला रंग द्यायचा तो चवथीआधी. मुंबईचे पाहुणे गणपतीला येणार, घर काळं कसं ठेवायचं? श्रावणात जरा उघडीप मिळाली की सगळा गाव शिडीवर. चिऱ्याची भिंत आधीच पाणी पिऊन टम्म झालेली, तिच्यावर रंग थापायचा. आतलं पाणी बाहेर यायला वाट शोधतं, रंगाला फुगे येतात, उरलेलं काम समुद्राचं खारं वारं करतं. पुढच्या चवथीला पुन्हा शिडी. बापूंचं घर मात्र चवथीत शेवाळाने हिरवंकाळं, आणि त्यांना त्याची काडीची लाज नाही.

"बापू, चवथीक तरी रंग काडा," आई म्हणायची.

"गणपती घरात बसता गो, भिंतीर न्हय."

भिंत सुकल्याची गालाने खात्री केली की ते रंग देत, आणि पाऊस यायच्या आधी त्या बाजूला माडाच्या चुडतांचे विणलेले झाप बांधत, म्हणजे झड थेट बसत नाही. त्यांचा पिवळा रंग वर्षानुवर्षं टिकायचा. शेवाळ असायचं ते पुढच्या बाजूला. पश्चिमेची भिंत लखलखीत, आणि नेमकी बस थांबते तिथंच. आई ऊठसूट म्हणायची, "भिंत बघ बापूंची!" मी पत्रकं लिहीत होते, घरोघर वाटत होते, पंचायतीत भांडत होते. माझ्याकडे कोण बघत होतं?

मग गावामागचा डोंगर बंगल्यांसाठी कापायला लागले. ग्रामसभेच्या आधी मला घोषणा लिहायला ती भिंत हवी होती. पत्रक लोक भजी बांधायला वापरतात, भिंत कुणी घडी करून खिशात घालत नाही. भर पावसात मी बापूंकडे गेले.

"आता न्हय. भिंत वली आसा."

"बापू, डोंगर थांबेल का तुमच्या भिंतीसाठी?"

"डोंगर थांबचो ना. रंगय थांबचो ना," ते म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

मला संताप आला. बिल्डरचा माणूस त्यांच्या ओट्यावर बसलेला मी पाहिला होता. मनात नको ते आलं. त्या तिरमिरीत मी आमच्याच घराच्या भिंतीवर मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं: "हा डोंगर आमचा. विकायचा नाही." दसऱ्याला अक्षरं पुरीसारखी फुगली. बापू आले, एका फुग्यावर बोट दाबलं. पाण्याचा ओघळ खाली आला.

"चेडवा, तुजी घोषणा रडटा गो!" बस थांब्यावरची माणसं खो खो हसली. बापू सगळ्यात मोठ्याने.

दिवाळीनंतर त्यांनीच हाक मारली. तोवर खोकल्याने पार वाळले होते. बिल्डरच्या माणसाला त्यांनी जाहिरातीसाठीही भिंत नाकारली होती, हे मला तेव्हा कळलं. गाल लावून म्हणाले, "सुकली. बरय." आणि लिही म्हणून ब्रश माझ्या हातात दिला.

मी लिहीत होते, ते खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते की अक्षर कसं यायला हवं. संपल्यावर म्हणाले, "आता खाला माजा नाव घाल."

"घोषणा माझी आहे, बापू."

"आणि भिंत?"

घातलं नाव. ग्रामसभेत लोक उठून म्हणाले, "बापूंनी लिहिलंय तेच आमचं म्हणणं." बापूंनी! मी तिथेच बसले होते, हाताला लाल रंग. काम थांबलं, प्रकरण कोर्टात गेलं. बापू त्याच उन्हाळ्यात गेले. मुलगे परदेशी, घर बंद.

खटला अजून चालू आहे, डोंगर अर्धा उभा आहे, आणि निकाल लागेपर्यंत ती अक्षरं टिकायला हवीत. म्हणून दर पावसाआधी झाप मी बांधते. या वर्षी बांधत होते तर एक मोटरसायकल थांबली.

"गो, बापूची घोषणा कित्याक धांपता?"

"माझी आहे ती!"

त्याने खालचं नाव वाचलं, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि निघून गेला.

अंगाची आग झाली. हातातला झाप तसाच टाकून जावं असं वाटलं. पण पावसात सगळ्यात आधी खराब होतो तो भिंतीचा तळ. जमिनीवर आपटलेलं पाणी उलटून तिथंच उडतं. आणि नाव तर अगदी तळाशी.

तिथं मी दुहेरी झाप बांधला.