दोन टप्पे पायी

माझ्या सुनेनं पुण्याहून येताना दोन काठ्या आणल्या होत्या. घडीच्या, ॲल्युमिनियमच्या, ओढल्या की लांब होणाऱ्या. मी म्हटलं, "एवढी का म्हातारी झाले मी?" ती हसली. "आई, ट्रेकिंगला सगळेच वापरतात." हसली खरी, पण ती नुसती ट्रेकिंगला आलेली नाही हे मला ठाऊक होतं.

मी एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीला दोन महिने उरले होते आणि मुलानं पुण्यात माझ्यासाठी एक खोली रंगवायला काढली होती. रंग कोणता हवा हे विचारलं होतं, यायचं का हे विचारलं नव्हतं. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, तेव्हा आई निवृत्त झाली की पुण्याला येणार, हे त्याच्या हिशेबी ठरूनच गेलं होतं. मला जायचं नव्हतं. पण बावीस वर्षं भरल्या गाडीत "पुढं सरका, दारात काय लग्न लागून राह्यलं" म्हणून ओरडणारी मी, या एका पोरापुढं माझी बोबडी वळायची. तो फोनवर खोलीचं बोलायचा आणि मी "पिवळा नको" एवढंच म्हणायचे.

मी यायची तारीख काही सांगेना, तेव्हा शेवटी त्यानं बायकोला पाठवलं. त्याला सुट्टी नव्हती, असं तो म्हणाला. सून दर रविवारी कुठल्या ना कुठल्या डोंगरावर जाणारी. तिनं सोनाळ्याच्या वरच्या अभयारण्यात बारा किलोमीटरची पायवाट शोधली, परवानगी काढली, माझंही नाव घातलं. चार तास जंगलात दोघीच. समजूत घालायला याहून चांगली जागा कुठली? मीही हो म्हटलं. म्हटलं, चालताना दम लागतो, कोणी फार बोलत नाही.

सकाळच्या पहिल्या गाडीनं सोनाळा, तिथून ऑटोनं फाटक. फाटकाला साखळी. आत वनरक्षक खुर्चीवर बसून उन्हं घेत होता. मला पाहून उठला. सोनाळ्याच्या गाडीवर मी अकरा वर्षं काढलेली, त्यामुळे या पट्ट्यात मला न ओळखणारा माणूस सापडणं कठीण.

"बंद हाय बाई. वाघीण पिल्लं घेऊन वाटेवरच बसून राह्यली. रात्रीच आदेश आला."

"पण आमचं बुकिंग आहे," सून म्हणाली.

"वाघिणीले काय सांगू मी बुकिंगचं?"

सुनेचं तोंड एवढंसं झालं. तिनं मोबाइल काढला. दुसरं जंगल जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पोचेपर्यंत दुपार कलली असती. लोणार त्याहून लांब. ती बोटानं नकाशा मोठा करायची, लहान करायची. तिची ती धडपड बघून मला खरंच वाईट वाटलं, आणि मी एक चूक केली. म्हटलं, "बारा किलोमीटरच चालायचंय ना? म्हणजे दोन टप्पे. सोनाळ्यापासून हमरस्त्याच्या फाट्यापर्यंत दोन टप्पेच आहेत. ऑटोनं सोनाळ्याला परत जाऊ आणि तिथून रस्त्यानं चालू."

एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा. तिकीट टप्प्यावर असतं. तिकिटं देता देता दोन टप्पे कधी संपतात ते कळत नाही, म्हणून ते अंतर मला हातातलं वाटलं. ते पायातलं आहे हे पहिल्या अर्ध्या तासात समजलं.

रस्ता मात्र छान होता. आणि मजा म्हणजे मी तो पहिल्यांदाच बघत होते. कंडक्टरचं तोंड माणसांकडं असतं, रस्त्याकडं नाही. या वळणावर आवळ्याचं झाड आहे, त्या विहिरीवर लाल पंप आहे, हे मला अकरा वर्षांत माहीत नव्हतं. दोन्हीकडं संत्र्याचे बगीचे, झाडं फळांनी वाकलेली. मागं सातपुडा. डिसेंबरातलं ऊन अंगाला बरं वाटत होतं.

सुनेनं चाल थोडी कमी केली. "आई, मला तुमच्याशी एक बोलायचं होतं. पुण्याला..."

तेवढ्यात मोटरसायकल थांबली. "बाई, पायी काऊन? गाडी चुकली काय?"

"नाही रे बापा. असंच. मन झालं चालायचं."

"असं कसं मन झालं? बसा मागं."

त्याला परतवता परतवता पाच मिनिटं गेली. जाताना तो दोनदा वळून बघून गेला. सून पुन्हा म्हणाली, "तर पुण्याला..." आणि संत्र्यांचे क्रेट भरलेला ट्रॅक्टर थांबला. "काऊन बाई, गाडी फसली काय?" नाही. असंच. मन झालं. त्याला ते काही पटलं नाही. पण त्यानं चार संत्री हातात दिली. सुनेनं पिशवीतून प्रोटीनची वडी काढली होती, ती तिनं गुपचूप परत ठेवली.

मग रांगच लागली. एक स्कूटीवाली नर्स. एक गुरुजी. एक गडी तर असा आला की मी ओळखच दाखवत नव्हते, कारण एकदा त्याला झिंगलेल्या अवस्थेत मी भर दुपारी खाली उतरवला होता. तो हात जोडून म्हणाला, "तवा तुमी मले उतरवलं होतं, आज मी तुमाले बसवतो." त्याच्या गाडीवर मागं पाण्याचे दोन कॅन बांधलेले. त्याला नाही म्हणताना मला सगळ्यात जास्त जड गेलं, कारण एव्हाना माझ्या टाचेला फोड आला होता. सुनेच्या त्या काठ्या मी पहिला टप्पा संपायच्या आधीच मागून घेतल्या होत्या, तिनं त्यावर अवाक्षर काढलं नाही. ते तिचं मला आवडलं.

मग आमच्याच डेपोची गाडी आली. हात न दाखवता थांबली. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली, खिडक्यांतून तीस-चाळीस तोंडं निघाली. "बाई, या न. जागा हाय." जागा होती, दाराजवळच होती. मला इतकं चढावंसं वाटलं, की काय सांगू. पण सून बघत होती. मी गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या, म्हणजे चल, डबल बेल. गाडी गेली आणि धुरळ्यात मी स्वतःलाच चार शिव्या हासडल्या.

त्या गाडीनं घात केला. आमच्याआधी ती पुढच्या गावात पोचली आणि बातमीही पोचली. आम्ही गावाशी आलो तर रस्त्यावर पाच-सहा बाया उभ्या, एकीच्या हातात चहाची किटली, बाजूला एक खाट टाकलेली. गावात असं ठरलं होतं, की सासू-सुनेचं गाडीत कडाक्याचं भांडण झालं आणि दोघी तावातावानं खाली उतरल्या.

मला खाटेवर बसवलं. एक म्हातारी, जी माझ्या गाडीनं दर बाजाराला मेथीचं गाठोडं घेऊन जायची, ती सुनेला हाताला धरून बाजूला घेऊन गेली. बाजूला म्हणजे चार पावलं, सगळ्यांना ऐकू जाईल इतकं.

"कोनाचंबी भांडन होते माय. पन सासूले असं उनात चालवतेत काय? आमच्या बाईनं कोनाले असं रस्त्यावर सोडलं नाही कधी. माह्या गाठोड्यासाठी गाडी थांबवून ठेवे थे."

मी ओरडून सांगितलं, "भांडण नाही झालं. असंच चाललो आहोत." कोणीही लक्ष दिलं नाही. मला वाटलं आता सून भडकेल. ती म्हणाली, "चुकलं आजी. परत नाही चालवणार." म्हातारीनं तिच्या गालावरून हात फिरवला आणि चहा दुसऱ्यांदा ओतला.

उरलेला अर्धा टप्पा आम्ही फारसं न बोलता चाललो. सुनेनं पुण्याचा विषय काढला नाही. एकदा नुसतं विचारलं, "आई, त्या आजी अजून येतात बाजाराला?" मी म्हटलं, दर बुधवारी.

फाट्यावर पोचलो तेव्हा पाय माझे राहिले नव्हते. थांब्याच्या कट्ट्यावर मी चपला काढून बसले. सून शेजारी बसून संत्रं सोलत होती. म्हणाली, "चार वर्षं मी दर रविवारी टेकडीवर जाते. का चालतेस, म्हणून एकानंही कधी विचारलं नाही मला."

मग फोडी माझ्या हातात ठेवत म्हणाली, "तुम्हाला यायचं नाहीये ना?"

"पिवळा रंग लावणार नाही म्हणालाय तो," मी म्हटलं.

"आई."

तेवढ्यात फोन वाजला. त्याचाच. सुनेनं तो मोठ्या आवाजावर लावला आणि माझ्याकडं केला. "मी नाही सांगणार. तुम्हीच सांगा."

"तुमचं भांडण झालं का?" तो घाबरून विचारत होता. "मला गावाकडून दोघांचे फोन आले."

"भांडण नाही रे. चाललो नुसत्या," मी म्हटलं. आणि मग संत्र्याची फोड हातात तशीच धरून, एका दमात म्हटलं, "आणि ऐक. मी पुण्याला राहायला येत नाही."

तो अठराव्या वर्षी शिकायला पुण्याला गेला, तेव्हाच आपली बोली त्यानं सोडली होती. मित्रांसमोर माझ्या बोलण्याचीही त्याला थोडी लाज वाटायची, मला ते माहीत होतं.

"काऊन?" तो म्हणाला.

दिवसभर हाच प्रश्न ऐकला होता. दिवसभर मी एकच खरं उत्तर देत होते आणि ते कोणालाच पटलं नव्हतं. माझ्याकडं दुसरं नव्हतंच.

"असंच," मी म्हटलं. "मन हाय इथंच राहायचं."

तो मग म्हणाला, "बरं माय."

मला रडू फुटलं. सुनेनं माझ्या चपला उचलून माझ्यासमोर नीट ठेवल्या आणि म्हणाली, "आई, गाडी येतेय. या वेळी बसायचं."